घरच्या गड्याची पाठवणी

बेसबॉल म्हणजे काय, असं कोणी विचारलं की रागिणी गावंडे आधी समोरच्याकडे चहा पिण्याइतका वेळ आहे का ते बघायची. नसला तर सुटसुटीत उत्तर ठरलेलं होतं: क्रिकेटसारखंच असतं, फक्त बॅट गोल. विद्यापीठाच्या संघातून ती सॉफ्टबॉल खेळलेली, आता अमरावतीच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. वडील चंद्रभान तिच्याही आधीचे, डावखुरे पिचर, म्हणजे बॉल टाकणारे. दर्यापूरकडची जमीन भावाला कसायला देऊन त्यांनी उभी हयात शाळेच्या मैदानावर पोरं पळवण्यात घातली होती. आई गेल्यापासून साईनगरातल्या घरात हे दोघंच, आणि एकमेकांवाचून दोघांचंही पान हलत नसे.

मैदानं सुटली, गुडघे कुरकुरू लागले, तसे जुने खेळाडू इंटरनेटवरच्या एका लीगमध्ये जमले. तिथे प्रत्यक्ष कोणी खेळत नाही. प्रत्येकानं आपला संघ लावून द्यायचा, पिचर कोण, बॅटिंगला कोणामागून कोण. संध्याकाळी संगणक सामने खेळून निकाल देतो. गट दोन, अमरावती आणि अकोला. वर्षभराचे सामने आपले नावापुरते, खरी खुमखुमी हंगामाअखेरच्या दोन गटांच्या मालिकेची. ‘अकोल्याच्या उन्हात बॉलची शिलाई उसवते म्हणे,’ असं इकडून कोणी ग्रुपवर टाकलं की तिकडून नितेशचं उत्तर हजर: ‘तुमी बडनेऱ्यापर्यंतच या, पुढचं आमी पाहून घेतो.’ नितेश अकोला गटाचा कप्तान, अमरावतीची रागिणी. गोरक्षण रोडवर नितेशचं स्पेअर पार्टचं दुकान होतं, आणि गिऱ्हाईक उभं असलं तरी त्याचा एक डोळा मोबाइलवर असायचा.

या लीगमध्ये एक प्रथा होती, जी वऱ्हाडाबाहेर कोणाच्या डोक्यात आली नसती. प्रत्येक संघात एक ‘घरचा गडी’ असायचा, म्हणजे घरच्या माणसाच्या नावाचा खेळाडू. जन्मतारीख, गाव, डावा की उजवा, सगळं खरं भरायचं. मालिका हरणाऱ्या गटाच्या कप्तानानं आपला घरचा गडी जिंकणाऱ्या कप्तानाला द्यायचा, आणि तोही असातसा नाही. व्हिडिओ कॉलवर सगळे जमून कुंकू, नारळ, लेक सासरी धाडावी तशी पाठवणी. मागच्या वर्षी अकोला हरलं तेव्हा नितेशनं आपले आजोबा, श्रावण, रागिणीच्या संघात धाडले होते. आजोबा जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांनीच नितेशला शेतात गोफण फिरवायला शिकवलं होतं. नारळ दाखवताना त्याचे डोळे भरून आले आणि ग्रुपवर आठवडाभर त्याची टिंगल झाली. बाकीच्यांचे घरचे गडीही असेच गेलेले आजे-पणजे; एकाची तर म्हैस होती. हयात माणसाचं नाव फक्त रागिणीनं घातलं होतं, तेही बाबा हटून बसले म्हणून.

यंदा अमरावती हरली. शेवटच्या सामन्यात संगणकातल्या चंद्रभाननं टाकलेला बॉल नितेशच्या बॅटरनं कुंपणाबाहेर भिरकावला.

“म्या असा बॉल जन्मात टाकला नसता,” बाबा म्हणाले. पण पाठवणीला ते स्वतःच कॅमेऱ्यासमोर बसले. टोपी घातली, कुंकू लावून घेतलं, ओंजळीत नारळ धरला.

पलीकडून नितेशनं हात जोडले. “द्या आता निरोप. आजपासून बाबा आमचे.”

“हो बाप्पा, तुमचे,” बाबा म्हणाले. सगळे हसले. रागिणीला तर हसूनहसून ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी पाण्याचा पेला अर्धाच पिऊन खाली ठेवला.

“कसं लागून राह्यलं हे पाणी? आमच्या इकडं असं नाई.”

“तुमच्या इकडं म्हंजे कोठी, बाबा?”

त्यांनी पेपर उचलला आणि अकोल्याचं तापमान मोठ्यानं वाचलं.

एप्रिल होता, उन्हानं माणूस काहीबाही बोलतो, असं म्हणून रागिणीनं तो विषय सोडला. मग बाबा विचारायला लागले. फ्रीज उघडू का? टीव्ही लावला तर चालंन का? सकाळी उठल्यावर स्वतःचं अंथरूण घडी करून ते कोपऱ्यात ठेवू लागले, वर उशी. चपला इतकी वर्षं दाराच्या आत काढायचे, त्या आता बाहेर दिसू लागल्या, रस्त्याकडे तोंड करून. रागिणी त्या उचलून आत आणायची. थोड्या वेळानं पुन्हा त्या बाहेर.

शाळेत तिचं लक्ष लागेना. शिट्टी तोंडात धरून ती तशीच उभी राहायची आणि पोरं धावून धावून परत यायची.

एका सकाळी शेजारच्या मैनाबाईंनी कुंपणावरून हाक मारली. “काय व रागिणी, बाबा आले वाटते? कधी आले अकोल्यावून?”

“मावशी, तुमाले कोणी सांगितलं आमच्या खेळाचं?”

“कोणता खेळ?” मैनाबाई गोंधळल्या. “ऱ्हातीन ना चार दिस? त्याईले आंब्याचा रस आवडते, मी आणून देतो.”

ज्या बाईनं बाबांना याच अंगणात आईच्या जाण्यानंतर जेवू घातलं होतं, ती पाहुण्याची चौकशी करावी तशी चौकशी करत होती.

त्याच दिवशी रागिणी बाबांना घेऊन डॉक्टरांकडे गेली. हे डॉक्टर गावंड्यांच्या घरी येणारे-जाणारे. त्यांनी महिना विचारला, वार विचारला, शंभरातून सात वजा करायला लावलं. बाबांनी सगळं बिनचूक सांगितलं. रागिणीच्या पहिल्या स्पर्धेत शेवटची रन कोणी काढली तेही सांगितलं.

“आणि राहता कुठे?”

“अकोल्याले. लेकीकडे आलतो.”

रागिणीनं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर चिठ्ठी लिहीत होते.

“स्मरणशक्ती ठणठणीत आहे,” ते म्हणाले. “त्यांना आता त्यांच्या घरी जाऊ द्या. इथे करमत नाही त्यांना, दुसरं काही नाही.”

दोन दिवसांनी ती शाळेतून आली तर घराला कुलूप, किल्ली मैनाबाईंकडे. रागिणीनं गाडी स्टँडवर घातली. मूर्तिजापूरवरून अकोल्याला जाणारी बस फलाटाला लागलेली होती आणि खिडकीशी बाबा बसले होते, मांडीवर पिशवी, अंगात धुतलेला सदरा. तिनं हात धरून त्यांना खाली उतरवलं. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तोच डावा हात, आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, “रडतं काहून? लेकीच्या घरी किती दिवस राहावं व माणसानं?”

घर त्यांच्या नावावर होतं. तिनं रडतच त्यांना परत आणलं. आई गेली तेव्हा निदान कुठं गेली हे तरी कळलं होतं. हा माणूस डोळ्यांदेखत, भाजी-भाकर खात, हातचा चालला होता.

तिनं नितेशला फोन लावला. तो हसला नाही.

“मीच तुले फोन करणार होतो. आमची आई रोज एक भाकर जास्त थापून राह्यली. म्हणते, बाबा येतीन. माया बाप त’ बाजूलेच जेवून राह्यला असते! कोणते बाबा, इचारलं त’ नुसती हसते.” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “परत घे व त्याईले. मले नाई पाहिजे असली जीत.”

पण साईट ऐकेना. घरच्या गड्याच्या बदल्यात घरचाच गडी, नाहीतर अदलाबदल नाही. हा नियम त्यांनीच घातलेला. रागिणीकडे द्यायला कोणी उरलं नव्हतं. श्रावण म्हातारा झाला म्हणून संगणकानं त्याला हंगामाअखेर निवृत्त करून टाकलं होतं.

“नितेश, आजोबाईले धाडलं होतं तेव्हा तुमच्या घरी असं काही झालं होतं?”

“कोणाले?”

“श्रावण आजोबाईले.”

“असंन कोणाचं नाव टाकलेलं,” तो घाईत म्हणाला. दुकानात गिऱ्हाईक असावं. “नाई, काईच नाई झालं.”

काहीच नाही झालं, एवढंच रागिणीनं ऐकलं, आणि तिला हायसं वाटलं.

नव्या घरच्या गड्याच्या रकान्यात तिनं आधी स्वतःचं नाव भरलं. मग बोट थांबलं. आपण या घरात पाहुणे झालो तर बाबांना बघणार कोण? तिनं नाव खोडलं आणि लिहिलं, मनकर्णा. माहेर तिवसा. उजवा हात. जन्मतारीख आईची आईलाच ठाऊक नव्हती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची, एवढंच ती सांगायची. उन्हात मैदानाच्या कडेला छत्री धरून बसणारी, होमरन आणि आऊट यांतला फरक शेवटपर्यंत न कळलेली, दोन्हींना सारख्याच टाळ्या वाजवणारी आई. रागिणीला तिची इतकी आठवण आली की टेबलावर डोकं टेकून ती हमसून रडली. पण गेलेल्या माणसाचं आता आणखी काय जायचं होतं?

“माफ कर व माय,” ती मोठ्यानं म्हणाली.

पाठवणी रीतसर करायची असं नितेशचं म्हणणं पडलं. कॉलवर ते दोघंच. कुंकू, नारळ.

“आजपासून आई आमची,” नितेश म्हणाला. या वेळी कोणी हसलं नाही.

सकाळी फ्रीजचं दार धाडकन लागल्याचा आवाज आला.

“दही संपलं सांगता येत नाई का व?” बाबा ओरडत होते.

चपला आत होत्या. कुंपणापलीकडून मैनाबाई त्यांच्याशी कचऱ्याच्या गाडीवरून भांडत होत्या, नेहमीसारख्या. रागिणीनं बाबांना मागून घट्ट मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही.

“काय झालं व?”

“काही नाई, बाबा.”

रविवारी नितेशचा फोन आला. मागे कोणीतरी बारीक आवाजात आरती म्हणत होतं.

“रागिणी, आमच्या आईनं भिंतीवर फोटो लावला एक. चंदनाचा हार घातलेला. कोठून आणला, सांगत नाई.”

“कोणाचा?”

“तुया आईचा व.”

नितेशला वाईट वाटू नये म्हणून रागिणीनं शब्द जुळवले.

“मनकर्णाबाईंचा म्हणतं का? अरे, त्या तुमच्याच घरच्या ना.”

पलीकडे आरती चालू राहिली. मग फोन बंद झाला.

बाबा पुढच्या खोलीत उभे होते. भिंतीवर एक चौकोन बाकीच्या रंगापेक्षा उजळ होता आणि त्याच्या वर रिकामा खिळा.

“अठी काय होतं व?”

रागिणीनं त्या चौकोनाकडे नीट पाहिलं.

“कॅलेंडर असंन,” ती म्हणाली, आणि खिळा कोणाला लागू नये म्हणून पक्कड शोधायला आत गेली.