बिननावाचा दुवा

"काका, ते पान होतं. आईशप्पथ होतं."

नवी मुलगी दारात उभी होती. कॉम्प्रेसर दुरुस्तीच्या कारखान्यात येऊन तिला जेमतेम दीड महिना झाला होता. काल तिने सेफ्टी व्हॉल्व्हचा स्क्रू अर्धा फेरा दिला, स्प्रिंग तुटली आणि व्हॉल्व्हची टोपी उडून शेजारी काम करणाऱ्याच्या कानाजवळून गेली. सूचना पाव फेऱ्याची होती, असं साहेब म्हणत होते. अर्ध्या फेऱ्याचं पान पाचपर्यंत दाखव, नाहीतर घरी बस.

विकीकाकांनी लगबगीने खुर्ची पुढे ओढली. अकरा वर्षं या खोलीत बसून ते एकटेच कारखान्याची विकी, म्हणजे कॉम्प्युटरवरची माहितीची पानं, सांभाळत होते. प्रत्येक यंत्राचं पान त्यांनी लिहिलेलं. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. पानं सगळे वाचायचे, खोलीत मात्र कुत्रंही फिरकत नसे.

"पान उघडलंस कसं?"

"यंत्राच्या पानाखाली 'अडलं तर इथे बघा' असा दुवा असतो, तो दाबला."

"कुठल्या कॉम्प्युटरवर?"

"मिस्त्रींच्या स्टुलाजवळच्या. सगळ्यांचा आहे तो."

"आपलं नाव टाकून आत गेलीस?"

"नाही हो. हाताला ग्रीस होतं. कोण टाकत बसणार?"

"काय लिहिलं होतं?"

"'दम खाऊन अर्धा फेरा द्या. तरी अडलं तर हाक मारा.'"

काकांनी आपल्या कॉम्प्युटरवर तोच दुवा दाबला. पाव फेरा. साहेबांनाही हेच दिसलं असणार.

दोघं खाली गेले. तीस वर्षं कारखान्यात असलेले मिस्त्री स्टुलावर एकटेच बसले होते.

"दम खा, पोरी," ते म्हणाले. "साहेब रागावतील आणि विसरतील."

काकांनी स्टुलाजवळच्या कॉम्प्युटरवर नाव न टाकता दुवा दाबला. अर्धा फेरा.

पावणेपाचला साहेबांच्या केबिनमध्ये चौघं जमले.

"दुवा एक दिसतो, पण नेतो वेगवेगळ्या ठिकाणी," काका म्हणाले. "तो मॅक्रोने बनतो. मॅक्रो म्हणजे मी एकदाच लिहून सगळ्या पानांवर लावलेला तुकडा. त्यात दोन रिकाम्या जागा आहेत. यंत्राचा नंबर आणि वाचणाऱ्याचं नाव. पान उघडलं की त्या आपोआप भरतात आणि दुवा तयार होतो. नव्या माणसाला सविस्तर पान, जुन्याला थोडक्यात."

"आणि नावच नसेल तर?" साहेबांनी विचारलं.

"तर ठरवून दिलेलं एक पान. मी सविस्तरच ठेवलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी कोणीतरी तिथे स्वतः लिहिलेलं पान लावलं, अर्धा फेरा चालणाऱ्या जुन्या कॉम्प्रेसरचं. तुम्ही आणि मी नेहमी नावाने जातो, म्हणून आपल्याला कधी दिसलंच नाही. पान बदलायला मात्र नाव टाकावं लागतं, ते बदलांच्या यादीत आहे. पण 'दम खाऊन' वाचल्यावर मला यादीची गरज नव्हती."

मिस्त्रींनी मान खाली घातली.

"पूर्वी दिवसाला दहा जण विचारायला यायचे," ते हळूच म्हणाले. "ही पानं आली आणि मी फर्निचर झालो. वाटलं, थोडं अडतील, हाक मारतील. नव्या यंत्राची स्प्रिंग तुटेल हे लक्षातच आलं नाही."

"मी हाक मारली होती, मिस्त्री," मुलगी म्हणाली. "दोनदा. तुम्ही जेवायला गेला होतात."



मुलीची नोकरी राहिली. मिस्त्रींना महिनाभर घरी बसवलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी मॅक्रो दुरुस्त केला. बिननावाच्या माणसाला पुन्हा बरोबर पान मिळू लागलं. मग त्यांनी खाली एक ओळ वाढवली. 'तरी अडलं तर फोन करा.' पुढे नंबर हवा होता. बराच वेळ विचार करून त्यांनी आपल्याच खोलीचा टाकला.

जेवणाची वेळ झाली, तरी ते जागेवरून हलले नाहीत. डबा तिथेच उघडला. चार वाजेपर्यंत फोन वाजला नाही, तेव्हा त्यांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला. लाइन चालू होती. त्यांनी तो पुन्हा नीट खाली ठेवला.