घट फोडलेली लेक

पूर्वेला तांबडं फुटलं तेव्हा चांदकड्याच्या उत्तरेला मोगली छावणीचे धूर सरळ वर चढत होते. वेढ्याचा तिसरा महिना चालू होता. दक्षिणेकडचा कडा मात्र इतका तुटलेला की तिथे मोर्चा लागणं अशक्य, आणि त्या कड्याच्या पोटाशी शुभ्रपंथाचा मठ पिढ्यान्‌पिढ्या निर्धास्त नांदत होता. मठाच्या पूजेला गडावरच्या टाक्याचं पाणी लागे, म्हणून कड्यात एक अरुंद दिंडी, एका वेळी एकच माणूस जाईल एवढा दरवाजा, ठेवली होती. वेढा पडल्यावरही किल्लेदार बयाजी हरपळ्यांनी ती बुजवली नाही. "देवाच्या पाण्याला आडकाठी नको," एवढंच ते म्हणाले होते.

त्या दिंडीतून राजाई खाली उतरली. गडावरच्या जखमा बांधायचं काम तिचं. पंथात रक्ताचा स्पर्श हे महापाप. आठ वर्षांपूर्वी तिने मठाच्या अंगणात एका घायाळ हशमाची मांडी बांधली, पुन्हा असं करणार नाही ही शपथ घ्यायला नकार दिला आणि गड चढून गेली. त्याच दिवशी मठाने तिच्या नावाचा घट फोडला. भावाने, दामाने, तिला तिलांजली दिली. आई काशाईने सुतकाचं स्नान केलं. घट फुटलेलं माणूस मेलेलं. पंथातल्या कुणी त्याला पाहायचं नाही, ऐकायचं नाही. एक शब्द बोललं, तर बोलणाऱ्याचाही घट फुटायचा.

तरी आई तापाने पडल्यापासून राजाई रोज काढा आणून मठाच्या उंबऱ्याशी ठेवी आणि ओसरीच्या खांबाशी बसून राही.

आज ओसरीवर महंत केवळबाबांसमोर एक परका बसला होता. अंगरखा साधा, पण जोडे छावणीतले. बाजूला दामा.

"ही बाई कोण?" परक्याने विचारलं.

"कोणती बाई?" केवळबाबा म्हणाले.

"ही. खांबाशी बसलीय ती."

"तिथे कुणी नाही, खानसाहेब. आपण बोलावं."

खान हसला. "डोळे तुमचे गेले की माझे, गोसावी?"

"तिथं नुसता खांब आहे," दामा जमिनीकडे बघत म्हणाला.

खानाने तिला मठातली कुणी खुळी समजून नाद सोडला. राजाई हलली नाही. तिला उठवायचं तर 'ऊठ' म्हणावं लागलं असतं, आणि तेवढं म्हणण्याची तिथे कुणाची छाती नव्हती.

मग मसलत झाली. सांजेला गडावर चौकी बदलते, तेव्हा पाण्याच्या निमित्ताने दामा दिंडी उघडवील, मागून चाळीस माणसं चढतील. मठाला अभय.

"आणि गडावरची माणसं?" दामाने विचारलं.

"त्यांची गर्दन मारली जाईल. तुझं कुणी आहे का वर?"

"नाही," दामा म्हणाला.

आतल्या दारात काशाई भिंतीला टेकून उभी होती. तिची नजर लेकीवरून वाऱ्यासारखी सरकून गेली.

सदरेवर बयाजींनी राजाईकडून सगळं ऐकून घेतलं. "फितुरीचं शासन कडेलोट, हे जाणतेस? आणि तो तुझा पाठचा भाऊ."

"जाणते, धनी. पण वर दीडशे माणसं आहेत."

"शिबंदी दडवून ठेवतो. पण दिंडी आतून उघडायला कुणीतरी लागेल, आणि पहिला वार त्याच्यावरच पडेल."

"मी उघडते. मला पाहून दामा परत फिरणार नाही. मी त्याला दिसतच नाही."

सूर्य कलला. खालून पाण्याची हाळी आली. राजाईने अडसर काढला आणि ती वाटेतच उभी राहिली. दामाने तिला पाहिलं. दिंडी उघडायला आज पहारेकरी नाही, राजाई आहे, एवढ्यावरून दुसऱ्या कुणाही माणसाने ओळखलं असतं की बेत फुटला; तो पंथाचा माणूस, मान वळवून तिच्या अंगाला अंग न लावता आत शिरला. त्याच्यामागे एकेक करून चाळीस जण आले, आणि एकेक करून धरले गेले. झटापटीत दामाच्या दंडात भाला घुसला. जखम राजाईनेच बांधली. तिचं बांधून होईपर्यंत तो आभाळाकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी सदर भरली. बयाजी म्हणाले, "राजाई, गड तुझ्यामुळे राहिला. माग काय मागायचं ते."

"भावाचा जीव."

"दिला. त्याने एवढंच म्हणावं की ही माझी बहीण."

दामा म्हणाला, "माझी बहीण आठ वर्षांपूर्वी वारली."

बयाजींनी कड्याकडे हात केला. तेवढ्यात लोकांतून वाट काढत, तापाने थरथरत काशाई पुढे आली. तिने सगळ्यांदेखत लेकीचा हात धरला. "राजाई, माझ्या दामाला वाचव गं."

राजाईने धन्यांकडे पाहिलं, आणि धन्यांनी होकाराची मान हलवली. दामाच्या मुसक्या सुटल्या. आईवरून नजर तशीच पुढे सारून तो गड उतरून गेला. दिंडी त्याच दिवशी चिऱ्यांनी बुजवली, आणि दुसऱ्या सकाळी मठात काशाईच्या नावाचा घट फुटला.

म्हातारी राजाईच्या खोपटात राहू लागली. ताप उतरला, तशी एकदा चुलीपुढे बसून राजाईने विचारलं, "त्या दिवशी ओसरीवर मी होते. दिसत होते तुला?"

"दिसत होतीस."

"वर सगळ्यांची मुंडकी उडणार, हे तूही ऐकलंस. मी वर राहते हे ठाऊक होतं. पळ म्हणाली असतीस तर?"

काशाईने चुलीतलं लाकूड आत सारलं.

"एकदाच बोलता येणार होतं, बये," ती म्हणाली. "मग घट फुटायचाच. ते एकदाचं मी दामासाठी राखून ठेवलं."

राजाईने तव्यावरची भाकरी उलटली, फुगू दिली, आणि आईच्या ताटात वाढली.