दोन ठोके, एक हॉर्न

"सकाळी गिऱ्हाईक येणार आहे, म्हणून दारातल्या मशीनचा स्विच तात्पुरता डायरेक्ट केलाय," असं धाकटा भाचा सहज बोलून गेला आणि मामांनी हातातला कप खाली ठेवला. रात्रीचे दहा वाजले होते. वर्कशॉपमध्ये मामा आणि दोन भाचे, तिघंच. दोघंही जुन्या मशीनच्या वायरिंगचं काम मामांकडूनच शिकलेले.

"बसा," मामा म्हणाले. "माझ्या ओळखीच्या एका वायरमनच्या बाबतीत घडलेलं सांगतो. नंतर हसायचं तर हसा."

अकरा डिसेंबर, मंगळवार. त्या वायरमनला जेवताना व्यापाऱ्याचा फोन आला. एक जुनं पोकलेन विकायला आलंय, खोदकाम झकास करतं, फक्त हॉर्न वाजत नाही, सकाळच्या आत बघून टाक. हॉर्न म्हणजे किरकोळ काम. तासाभरात येतो, असं बायकोला सांगून तो निघाला.

व्यापाऱ्याचं आवार गावाबाहेरच्या रस्त्याला होतं. वॉचमननं फाटक उघडलं आणि तो खोलीत जाऊन गुडूप झोपला. मशीन ताज्या रंगानं चकचकत होतं. आधी रंग, मग तेल आणि अगदीच इलाज नसला तर दुरुस्ती, असा त्या धंद्याचा रिवाज. वायरमन मनाशीच हसला आणि केबिनमध्ये चढला.

त्यानं बॅटरी तपासली. चोवीस व्होल्ट, ठणठणीत. फ्यूज चांगला, रिले टकटक बोलत होता, हॉर्नपर्यंत करंट पोचत होता. हॉर्न सोडवून थेट बॅटरीला लावला तर कानठळ्या बसल्या. परत जागेवर लावून बटण दाबलं, तर चिडीचूप. साडेबारा वाजले तरी फॉल्ट हाती लागेना. वीस वर्षं या कामात घालवलेला माणूस, पण त्याची मती गुंग झाली.

शेवटी त्यानं सीटखालची वायरिंग उघडायची ठरवली. वायरला हात लावण्याआधी फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकायचा, ही त्याची जुनी सवय. म्हणजे चुकून दुसरं कुणी लावायला नको. हॉर्नचा फ्यूज खिशात गेला. पत्रा निघाला. टॉर्चच्या उजेडात डाव्या बाजूला एक काळी टेप दिसली आणि त्यानं टॉर्च जवळ नेला.

टेपचं टोक दुमडून छोटा कान केलेला होता. पुढच्या माणसाला सोलायला सोपं जावं म्हणून. असा कान त्या पंचक्रोशीत तो एकटाच करायचा.

म्हणजे हे तेच मशीन होतं.

पोकलेनच्या सीटशेजारी एक लिव्हर असते. ती वर उचलली की मशीनचे हातपाय बांधले जातात. बकेट चालवायच्या दांडीला धक्का लागला तरी बकेट हलत नाही. पाच वर्षांपूर्वी या लिव्हरचा स्विच खराब झाला होता. नवा मिळेना, गिऱ्हाईक दारात उभं. त्यानं एक वायर जोडून स्विच डायरेक्ट केला; मग लिव्हर वर असो की खाली, मशीन मोकळंच. तात्पुरता. आठवड्यात बदलू म्हणाला आणि विसरला.

ते मशीन दोघा भावांनी घेतलं. धाकटा ऑपरेटर, थोरला खाली फावडं घेऊन. त्यांचा एक रिवाज होता, आणि वायरमननं तो डोळ्यांनी पाहिलेला. थोरल्याला बकेटखाली जायचं असलं की तो मशीनच्या पाठीवर फावड्याच्या दांड्यानं दोनदा ठोकायचा. धाकटा लिव्हर उचलायचा, एकदा हॉर्न द्यायचा. मग थोरला आत यायचा.

एक दिवस असाच आला. पाण्याची बाटली घ्यायला वळताना धाकट्याचं कोपर दांडीला लागलं. बकेट फिरली. थोरला जागीच गेला.

यानं लिव्हर उचलली नसणार, असं सगळे म्हणाले. वायरमनला खरं काय ते ठाऊक होतं, पण तो मूग गिळून बसला. धाकट्याचं काम सुटलं, घर सुटलं. त्याचा नंबर वायरमनच्या फोनमध्ये तेव्हापासून होता. त्यानं तो कधीच लावला नाही.

तेवढ्यात मशीनच्या पाठीवर आवाज झाला.

ठक्... ठक्.

वायरमननं बाहेर टॉर्च मारला. कुणी नव्हतं. त्यानं ती वायर कापली. पेटीतला नवा स्विच बसवला. इंजिन सुरू करून लिव्हर उचलली, दांडी हलवली. बकेट हलली नाही. त्यानं इंजिन बंद केलं. आता तरी सगळं नीट झालं होतं. त्यानं हॉर्नचं बटण दाबलं.

आवाज नाही.

ठक्... ठक्.

थोरला विचारत होता. येऊ का, म्हणून. आणि हॉर्न वाजत नव्हता...

दोन वाजून दहा मिनिटांनी वायरमननं तो नंबर लावला. घोगरा आवाज आला. वायरमननं एका दमात सगळं सांगितलं. डायरेक्ट केलेला स्विच. पाच वर्षांचं मौन. सांगताना शरमेनं त्याला आपलाच आवाज ऐकवेना.

पलीकडे खाट करकरली.

"म्हणजे मी लिव्हर उचलली होती?"

"उचलली होतीस."

"रोज झोपताना हा डावा हात उचलून बघतो मी. आठवतंय का ते बघतो... उचलली होती ना?"

"उचलली होतीस रे. चूक माझी."

वायरमनचा अंगठा अजून बटणावर होता. हॉर्न वाजला. एकदा. लांब.

"हा हॉर्न आमच्या मशीनचा," पलीकडून आवाज आला, आणि धाकटा लहान मुलासारखा रडायला लागला.

बकेटच्या दिशेनं मुरमावर पावलं वाजली... मग काही नाही.

दुसऱ्या दिवशी वायरमन धाकट्याला घेऊन त्याच्या वहिनीकडे गेला आणि खाली मान घालून तेच सगळं पुन्हा बोलला. ती त्याच्यावर ओरडली नाही. "पाच वर्षं मी याला दारात उभं केलं नाही," एवढंच म्हणाली आणि दिराला आत घेतलं. वायरमन उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. तिथून निघताना रुमालासाठी त्यानं रात्रीच्याच शर्टाच्या खिशात हात घातला.

मामा थांबले. त्यांनी शर्टाच्या खिशातून एक लहानसा लाल फ्यूज काढून टेबलावर ठेवला.

"हॉर्नचा," ते म्हणाले. "रात्रभर खिशातच होता. मशीनमध्ये त्याची जागा रिकामी होती."

ओळखीच्या माणसाचा फ्यूज तुमच्या खिशात कसा, हे कुणीच विचारलं नाही. मामांची मान खालीच होती. धाकटा भाचा उठला आणि वायर कापायची पक्कड घेऊन दारातल्या मशीनकडे गेला.