निळी ट्यूब आणि आइस्क्रीमचा डबा

निळ्या ट्यूबलाइटच्या एका टोकाला माझा हात होता आणि दुसऱ्या टोकाला त्याचा.

"सोडा," मी म्हटलं.

"तुम्ही सोडा. मी आधी धरली."

"आधी मी पाहिली!"

"पाहिली तर मी कालच होती... काचेतून. दुकान बंद होतं म्हणून, नाहीतर आज तुमची गाठच पडली नसती."

बाहेर जुलैची गार झिमझिम चालली होती. त्याच्या पापण्यांवर अजून थेंब होते, आणि हा माणूस इतका गंभीर चेहरा करून भांडत होता की मला हसू आवरेना. गल्ल्यामागे दुकानदार आन्सेल्मोकाका जांभया देत होते. दुपारच्या झोपेसाठी दुकान बंद करायची वेळ टळून गेली होती, आणि आमच्या अर्जेंटिनातल्या रोसारिओत कुणाची दुपारची झोप मोडणं म्हणजे महापाप.

"पोरांनो, पांढऱ्या संपल्या, निळी एकच उरलीय," ते म्हणाले. "पुढचा माल बंदरातून कधी सुटेल ते देवाला ठाऊक. मधोमध तोडून देऊ का?"

"प्रवाळाच्या काचेच्या टाकीसाठी हवीय?" त्याने मला विचारलं.

"नाही, केस वाळवायला."

तो हसला. हसताना त्याची ट्यूबवरची पकड सैल झाली, पण मीही ओढली नाही.

"टाकीवर किती ट्यूब आहेत?"

"चार. चारही निळ्या करणार आहे."

"चारही? अहो, घर आहे की नाइटक्लब? पांढऱ्या उजेडाने प्रवाळ वाढतं, निळ्याने रंगतं. दोन पांढऱ्या, दोन निळ्या लावा."

"मला रंगच हवाय. वाढवून काय करू, लग्न लावायचंय त्याचं?"

"बरं बाई," त्याने हात सोडला. "न्या. पण एका अटीवर... ती लावायला मी येणार."

त्याचं नाव लिसांद्रो. बुलेवारच्या रुंद रस्त्यावरच्या आइस्क्रीमच्या दुकानात तो आइस्क्रीम बनवायचा, आणि एका खोलीच्या बिऱ्हाडात त्याच्याकडेही प्रवाळाची टाकी होती. पत्ता मी दिला. का दिला, ते आन्सेल्मोकाकांनाही कळलं असावं, कारण ते एकदम जागे झाले होते.

आता माझी अडचण सांगते. मी एका दंतवैद्याकडे काम करायचे. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत त्याची ही टाकी होती, आणि आत कुणी ओरडलं की मी तिच्याकडे बघत बसायचे. मग तो दवाखाना मोडून स्पेनला निघून गेला. माझी नोकरी गेली, टाकी मात्र तो मला देऊन गेला. त्या वर्षात माझं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं. ती मी घरी आणली आणि दिवाणखान्यात ठेवली... जिथे आईचं नक्षीचं कपाट होतं. कपाट बाहेरच्या बोळात गेलं, आणि आईने डोक्यात राख घालून घेतली.

"खारं पाणी, विजेचं बिल, आणि मधोमध हे झुडूप. येर्बाच्या चहाचा चोथा बरा दिसतो याच्यापेक्षा!" ती म्हणायची.

तिचंही खोटं नव्हतं. दंतवैद्य शपथेवर सांगायचा की हे प्रवाळ मूळचं जांभळं आहे. आमच्या घरी ते तपकिरी होतं, कायमचं.

"सप्टेंबरात माझा वाढदिवस," आईने निकाल दिला. "सगळ्या बहिणी येतील. तोवर यात बघण्यासारखं काही दिसलं तर राहू दे. नाहीतर दुसऱ्या दिवशी कपाट आपल्या जागी."

कोपऱ्यावरच्या पिझ्झावाल्याने तर 'टाकी मी घेणार' असं आधीच सांगून ठेवलं होतं. त्याला तिच्यात बर्फ घालून बिअर ठेवायची होती!

लिसांद्रो रविवारी आला. पाऊस होताच, म्हणून आई रिवाजाप्रमाणे पुऱ्या तळत होती. त्याने थर्माकोलचा डबा भरून आइस्क्रीम आणलं होतं, आटवलेल्या दुधाचं. डबा उघडल्याबरोबर आईने त्याला माझी खुर्ची दिली. मग ती खिडकीत जेरेनियमची फांदी कुंडीत खोचायला बसली. फांदी शेजारणीच्या गॅलरीतून सकाळीच गुपचूप खुडलेली.

"चोरलेली फांदीच धरते, मुला," ती त्याला म्हणाली. "मागून आणली की रुसते."

"खरं का, दोन्या आयदे?" त्याने आईला आदराने 'दोन्या', म्हणजे बाई, म्हणत विचारलं.

"माझी अख्खी गॅलरी चोरीची आहे. बघ कशी फुललीय!"

लिसांद्रोने मोठ्या आदराने गॅलरीकडे पाहिलं. मग त्याने टाकीचं झाकण उचललं. ट्यूबची टोकं काळी पडली होती.

"या किती जुन्या?"

"ते विचारायला स्पेनला जावं लागेल."

"ट्यूब आपल्या डोळ्यांना पेटलेली दिसते, पण आतून कधीच म्हातारी झालेली असते. तुझ्या प्रवाळाला या मिणमिण उजेडाची सवय झालीय. म्हणून आज एकच बदलायची. दोन-तीन आठवडे थांबायचं, मग दुसरी. घाई केलीस तर भाजेल ते... ऐकतेयस ना, नेरीना?"

ऐकत होते की. पण तो माझ्या खांद्यावरून वाकून बोलत होता, त्याच्या बाहीला व्हॅनिलाचा वास होता, आणि 'अहो'वरून तो 'तू'वर कधी आला हे मी शोधत होते. एवढ्या गर्दीत उजेडाचं शास्त्र डोक्यात कुठे टिकायला?

ट्यूब लागली. आमचे दोघांचे चेहरे निळे झाले.

"छान दिसतेस निळ्यात."

"बुडाल्यासारखी दिसत असेन."

"मग मी उडी मारतो."

"पोहता येतं?"

"नाही."

जाताना त्याने रिकामा डबा धुतला आणि टाकीतलं पाणी भरून घेतलं. "मीठ तपासतो," म्हणाला. मी झाकण आणायला आत गेले होते. परत आले तर साहेब कानापर्यंत लाल झालेले. मला वाटलं, माझ्यामुळे.

मग तो दर रविवारी येऊ लागला. येर्बाचं भांडं एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना बोटं जरा जास्तच रेंगाळायची. प्रवाळ तपकिरी ते तपकिरीच. पण खरं सांगते, मी त्याच्याकडे कमीच बघत होते.

ऑगस्टअखेर त्याच्या भावाने कोर्दोबाला आइस्क्रीमचं दुकान काढलं, आणि तो मदतीला गेला. दोनच दिवसांत आन्सेल्मोकाकांचा फोन आला. बंदरात अडकलेला ट्यूबचा माल सुटला होता! आईचा वाढदिवस पंधरवड्यावर आलेला. एकेक करत थांबायला वेळ कुणाला होता? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत. एक निळी, दोन पांढऱ्या घेतल्या आणि उरलेल्या तिन्ही ट्यूब एकाच दुपारी बदलून टाकल्या. निवड अगदी त्याने सांगितली तशी, दोन-दोन. धीर तेवढा नव्हता.

दिवाणखाना असा उजळला की आई उन्हाचा चष्मा लावून आली. आणि काही दिवसांतच प्रवाळ आधी फिकं पडलं, मग शितासारखं पांढरं झालं. भाजलं. मेलं.

"आता बरं दिसतंय की," आई म्हणाली. "स्वच्छ."

मी मोठ्याने रडले. लिसांद्रोचा फोन आला तेव्हा बोलायची लाज वाटली, म्हणून आईला खूण केली.

"नेरीना म्हणतेय की ती घरी नाही," आईने फोनवर सांगितलं. "झुडूप पांढरं झालं म्हणून रडतेय. तीन दिवे एकदम बदलले तिने. तू ये बाबा वाढदिवसाला, मला हे ऐकवत नाही."

वाढदिवसाला सगळ्या मावश्या आल्या. पातळ पावाचे सँडविच आले, वाइन आली, आणि पोरोतामावशी चष्मा सावरत टाकीपुढे उभी राहिली.

"यासाठी कपाट हलवलंस, आयदे? उकडलेल्या फ्लॉवरसाठी?"

सगळ्या हसल्या. आई तेवढी हसली नाही. पिझ्झावाला टेप घेऊन टाकीची लांबी मोजायला लागला. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. एवढ्यात दाराची बेल वाजली.

दारात लिसांद्रो. धापा टाकत, हातात थर्माकोलचा डबा.

"आइस्क्रीम!" मावश्या चमचे घेऊन धावल्या.

"चमचा नको! कुणी चमचा घालू नका!" तो ओरडला आणि डबा डोक्यावर धरला. "नेरीना... बसमधून उतरलो, घरी जाऊन हे उचललं आणि तसाच आलो. तू आधी बस."

"मी बसणार नाही. काय आहे त्यात?"

"पहिल्या रविवारी मी खोटं बोललो. मीठबीठ काही तपासायचं नव्हतं. तू झाकण आणायला आत गेलीस, तेव्हा तुझ्या प्रवाळाची खालची एक फांदी मी... चोरली. माझ्या टाकीत लावली, नीट उजेडात."

त्याने झाकण काढलं. पाण्यात करंगळीएवढी फांदी होती. जांभळी. दंतवैद्याने शपथेवर सांगितली होती तशीच.

"चोरा!" माझा आवाज चढला. "माझ्या घरी बसून, माझ्या आईच्या पुऱ्या खाऊन! मागितली असतीस तर दिली नसती का?"

"पण चोरलेलीच धरते म्हणे."

"मीच सांगितलं होतं," आई बहिणींना म्हणाली. तिची मान ताठ झाली होती.

"आणि मागून घेतली असती," तो हळूच म्हणाला, "तर परत यायला कारण काय उरलं असतं? चोरीचा माल परत करायला तरी माणसाला यावंच लागतं."

मला रागावायचं होतं. खरंच होतं. पण काळीज इतक्या जोरात धडधडत होतं की राग कुठे ठेवला तेच सापडेना.

फांदी आम्ही दोघांनी मिळून तळाशी ठेवली, उजेडापासून लांब. "तीन बंद कर," तो म्हणाला. "आपली पहिली निळी एकटीच ठेव. आणि घरातले दिवे घालवा, मावशी."

अंधार झाला. निळ्या उजेडात ती फांदी आतून पेटल्यासारखी झळकली. अंग जांभळं, आणि टोकं हिरवीगार. पिझ्झावाल्याचा टेप सर्रकन गुंडाळला गेला तेवढाच आवाज झाला.

"आयदे..." पोरोतामावशी पुटपुटली. "हे कुणी केलं?"

"माझ्या जावयाने," आई म्हणाली.

"दोन्या आयदे!" लिसांद्रो अंधारात चाचरला. "मी... मी अजून तिला विचारलेलं नाही."

"मग विचार की. अंधार आहे तोवर."

माझ्या उतावळेपणाने एक प्रवाळ गेलं होतं, पण उतावळेपणाला गुणही असतो. त्याने तोंड उघडायच्या आत मी "हो" म्हणून मोकळी झाले, आणि त्याचा व्हॅनिलाच्या वासाचा हात घट्ट धरला.

टाकी तिथेच राहिली. कपाट पोरोतामावशी घेऊन गेली. निघताना ती दारात घुटमळली आणि आईच्या कानाशी लागली, "आयदे, ते मोठं झालं की मला एक फांदी मिळेल का गं?"

"मागू नकोस," आई म्हणाली. "कोणाचं लक्ष नसताना चोरून ने."