हलेल ते उमटत नाही

दिपाली लग्नाचे फोटो काढायची. बेळगाव तालुक्यातल्या निम्म्या नवऱ्यामुलींना तिनं "हनुवटी जरा वर" म्हणून झालं होतं, आणि त्या भानगडीत हिचं स्वतःचं राहून गेलं, असं तिची आई गुणाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. दिपाली हसून सोडून द्यायची. बत्तीस वर्षांची बाई, स्वतःची स्कूटी, स्वतःचा कॅमेरा. तिचं काही अडलं नव्हतं.

माघ सरता सरता तिला वेगळंच काम मिळालं. निपाणीचे जिनाप्पा आण्णा जन्मभर घरांचे नकाशे काढून निवृत्त झाले होते आणि आता बेळगावातल्या जुन्या वास्तूंवर पुस्तक करत होते. जागांची यादी त्यांचीच, परवानग्यांचे कागदही त्यांनीच आणलेले. अट एकच.

"फोटोत माणूस नको, गाडी नको, म्हैस नको. नुसता दगड बोलला पाहिजे बघ, दिपाली."

खडेबाजारात माणूस नसलेला फोटो काढायचा म्हणजे गंमतच. पण त्याला एक युक्ती आहे. भिंगावर काळी काच चढवायची, इतकी काळी की चार मिनिटं शटर उघडं ठेवावं तेव्हा कुठं चित्र धरतं. त्या चार मिनिटांत जे चालतं, धावतं, हलतं, ते एका जागी पुरेसं थांबत नाही, म्हणून उमटत नाही. जे जागचं हललं नाही तेवढंच राहतं. भरल्या बाजारात कॅमेरा लावावा आणि हाती रिकामा बाजार यावा. हलेल ते उमटत नाही, हा त्या कामाचा सगळा कायदा.

दिपालीच्या घरात तेव्हा न हलणारं एकच माणूस होतं. तिचे वडील, रवळूआप्पा.

आप्पांनी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत एकतीस वर्षं वाळूचे साचे भरले. सांबऱ्याहून बसनं जायचे, यायचे, आणि सुट्टीच्या दिवशी आराम करायचा सोडून शहरभर चालायचे. पायाला भिंगरीच बांधलेली. लहानपणी दिपाली त्यांच्या खांद्यावर असायची. कँपातलं दगडी चर्च, मग कपिलेश्वराचा तलाव, तिथून खडेबाजारातून परत, आणि शेवटी किल्ल्यातलं जुनं जैन मंदिर, कमल बसदी. बसदीच्या छताला दगडाचं मोठं कमळ लोंबतं. त्याच्याखाली उभे राहून, वर बोट फिरवत पाकळ्या मोजून आप्पा दर रविवारी तेच विचारायचे, "हे कुठल्या साच्यात वतलं असंल गं?" लोखंड असो की दगड, हात लावल्याशिवाय त्यांचं समाधान व्हायचं नाही.

आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. तेव्हापासून ते बाहेरच्या खोलीत खाटेवर होते. नाकात नळी, नळी धरून ठेवणारी पांढरी चिकटपट्टी, अंगात बनियन आणि निळी चौकड्याची लुंगी. विमानतळ जवळच, घरावरून विमान घोंघावत उतरायचं, खिडक्या थरथरायच्या, पण त्यांची पापणी लवत नसे. त्यांना कळतं की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. दिपालीचं मागणं फार मोठं नव्हतं. त्यांनी एकदा आपल्याला ओळखावं. एक शब्द, एक खूण. तेवढ्यासाठी ती रोज सकाळी त्यांच्या कानाशी बोलून मगच बाहेर पडायची.

खाटेखाली त्यांच्या चपला तशाच होत्या. डाव्या चपलेचा अंगठा त्यांनी स्वतः तांब्याच्या तारेनं शिवलेला. गुणाबाई त्या दर सोमवारी पुसून जागच्या जागी ठेवायची.

पहिला फोटो दिपालीनं चर्चचा काढला, सकाळी अकराच्या सुमाराला. घरी येऊन बघते तर फोटो झकास. एक माणूस मात्र उमटला होता. भिंतीला हात लावून पाठमोरा उभा, बोटाएवढा. असतं असं कधीकधी. कुणीतरी टेकून उभं राहिलं असेल. तिनं फारसं मनावर घेतलं नाही.

त्या संध्याकाळी गुणाबाई ओल्या फडक्यानं आप्पांचे पाय पुसत होती. अचानक थांबली.

"दिपा, ह्यांच्या तळव्याला माती कशी गं लागली? सकाळीच पुसलेलं मी."

"वाऱ्यानं आली असंल, आई."

"पांघरुणाखाली?"

तांबडी माती होती. कँपातली असते तसली. पण तांबडी माती काय, सगळ्या बेळगावात आहे.

दुसरा फोटो तलावाचा. पायऱ्यांवर बायका धुणं घेऊन होत्या, पोरं होती, पुजारी येत-जात होते. चार मिनिटांत सगळी गळून गेली. खालून दुसऱ्या पायरीवर एकजण राहिला, घोटाभर पाण्यात उभा. फोटो काढताना त्या पायरीवर कुणी नव्हतं, हे दिपालीला पक्कं आठवत होतं. ती पायरी तिनं मुद्दाम निवडली होती, शेवाळ चांगलं दिसतं म्हणून.

दोन्ही फोटो तिनं निपाणीला पाठवले. जिनाप्पा आण्णांचा फोन आला.

"उंचीचा अंदाज यावा म्हणून माणूस उभा केलास, कल्पना वाईट नाही. पण मी नको म्हटलं होतं ना? आणि दोन्हीकडं तोच कशाला?"

"तोच?"

"लुंगी बघ की. निळ्या चौकड्याची."

दिपालीनं फोन ठेवला आणि बाहेरच्या खोलीत गेली. आप्पा पडून होते. गुणाबाई चादर बदलत होती, कारण पायाकडची बाजू ओली झाली होती. तिला वाटलं, पाण्याचा तांब्या कलंडला असेल. चादरीवर हिरवट डाग होता. दिपालीनं तो बोटानं पुसून हुंगला. शेवाळाचा वास.

आता तुम्ही म्हणाल, एवढं झाल्यावर शहाणं माणूस तिथंच थांबलं असतं. दिपाली थांबली नाही, आणि ती शहाणी होती म्हणूनच थांबली नाही. आपल्या मनाचे खेळ आहेत, हे तिला सिद्ध करायचं होतं. तिसऱ्या दिवशी तिनं खडेबाजारात भर गर्दीत कॅमेरा लावला. रस्त्याच्या मधोमध रोखला. तिथं चार मिनिटं काय, चार सेकंद कुणी उभं राहू शकत नाही. रिक्षा, हातगाड्या, हॉर्न. चार मिनिटं ती डोळे फाडून बघत राहिली. कुणीही उभं नव्हतं.

शटर मिटलं. छोट्या पडद्यावर फोटो आला. खडेबाजार धुतल्यासारखा रिकामा, आणि मधोमध आप्पा.

या वेळी तोंड कॅमेऱ्याकडं. अनवाणी. नाकावर पांढरी चिकटपट्टी.

ते तिच्याकडं बघत होते. आठ महिन्यांत त्यांनी तिच्याकडं असं बघितलं नव्हतं.

ती गाडी कशी चालवत घरी आली हे तिला सांगता आलं नसतं. दारातच शेजारची मालुबाई उभी, आत गुणाबाई खाटेची पाटी धरून बसलेली.

"श्वासच थांबला गं त्यांचा! छाती हलंना. मी हाका मारल्या, मालुबाई आली पळत. चार मिंटं म्हण की. मग आपसूक चालू झाला."

"किती वाजता?"

"सव्वाअकरा झालते. रेडिओ लागलाता."

दिपालीनं कॅमेऱ्यात वेळ बघितली. मग कॅमेरा पिशवीत घातला, पिशवी कपाटात, आणि कपाटाला कुलूप लावलं. आपण काय करत होतो ते तिला कळलं होतं आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

आठ दिवस तिनं कॅमेऱ्याला हात लावला नाही. आप्पांचे तळवे स्वच्छ राहिले. पण माणूस दिवसागणिक विझत चालला. डोळे मिटलेलेच. नळीतून दिलेलं उलटून यायला लागलं. पाय बर्फासारखे थंड.

नवव्या दिवशी तिला राहवलं नाही. तिनं आईला जवळ बसवून तिन्ही फोटो दाखवले, वेळा सांगितल्या. आई घाबरेल, रडेल असं तिला वाटलं होतं. गुणाबाईनं डोळ्याला चष्मा लावला, पडद्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली,

"बरे दिसत्यात गं. उभे हायत."

"आई, तेवढा वेळ त्यांचा श्वास थांबतो. कळतंय का तुला?"

"कळतंय की. आन् आठ दिस तू त्यांना घरात कोंडलंयस, तेबी कळतंय." तिनं चष्मा काढून ठेवला. "यादीत काय ऱ्हायलंय?"

राहिली होती कमल बसदी. मंडपात उजेड कमी. हिशेब साधा होता. तिथं चार मिनिटं पुरणार नव्हती, बारा लागणार होती.

दिपालीनं ठरवलं होतं की सांगायचंच नाही. पण आप्पांच्या कानाशी बसल्यावर तिच्या तोंडून निघून गेलं. "आप्पा, कमळ राहिलंय."

रवळूआप्पांनी डोळे उघडले. तिच्याकडं बघितलं. उजव्या हाताची तर्जनी उचलली, वर आढ्याकडं केली आणि हळू फिरवली. पाकळ्या मोजताना फिरवायचे तशी.

आठ महिने जी खूण ती मागत होती ती हीच. तिनं त्यांच्या हातावर कपाळ टेकलं आणि पोटभर रडली. आता नाही म्हणायला तिच्याकडं काही उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना तिनं मागं वळून बघितलं. गुणाबाई खाटेखालच्या चपला काढून आप्पांच्या पायांत घालत होती.

"आई, खाटेवर चपला?"

"दर टायमाला अनवाणी जात्यात. ऊन काय थोडं हाय?" तिनं तांब्याच्या तारेचा अंगठा नीट बसवला. "जा तू. काय वाटलं तर मी फोन करतो."

सांबऱ्याकडं बायकाही तसंच म्हणतात, करतो, जातो.

बसदीत त्या वेळी कुणी नव्हतं. दिपालीनं बाजूला आपल्या चपला काढल्या, पायरीपासून जरा मागं तिपाई लावली. समोर रिकामी पायरी, मग मंडप, वर अंधारात कमळ. झाडावर कुठंतरी पोपट कलकलत होते. शटर उघडायच्या दोरीचं बटण तिच्या हातात होतं. ती सोडेल तेव्हाच शटर मिटणार होतं.

तिनं बटण दाबलं.

चार मिनिटं झाली. फोन वाजला नाही.

पोपट गप्प झाले होते.

सहा. अंगठा घामानं निसटायला लागला. सोडावं का? सोडलं की मिटेल. मिटलं की ते परत येतील, त्या खाटेवर, त्या नळीला.

आठ. फोन वाजला नाही.

मंडपातून गार वारा आला आणि तिच्या चेहऱ्याला लागून गेला. आत कुणी नव्हतं.

"आप्पा, सावकाश बघा," ती म्हणाली.

बारा.

तिनं अंगठा उचलला.

फोटो पडद्यावर आला. खांब, मंडप, कमळाची पाकळी न् पाकळी. माणूस नाही. पुन्हा बघितलं, मोठं करून खांबांच्या आड बघितलं. कुणीच नाही! दिपाली एकटीच मोठ्यानं हसली. म्हणजे आप्पा आलेच नव्हते. घरी होते, श्वास घेत होते. तिनं भराभर फोन लावला.

"आई, ते नाहीत फोटोत! बरे आहेत ना?"

 पलीकडून गुणाबाई म्हणाली, "ये तू. घाई करू नको. गाडी हळू चालव."

दिपाली तिथंच खाली बसली. बारा मिनिटांत जे हलतं, चालतं, खांबाखांबाला हात लावत फिरतं, ते कुठून उमटणार? कायदा तर तिनंच पाठ केला होता.

घरी मालुबाईनं दिवा लावला होता. आप्पांच्या तोंडावर कसलाच ताण नव्हता. नळी काढलेली. दिपालीनं पायाकडचं पांघरूण बाजूला केलं. तळवे स्वच्छ. पाय उघडे. तिनं खाटेखाली वाकून बघितलं.

"आई, चपला?"

गुणाबाईनं तिच्याकडं असं बघितलं, जणू काय वेड्यासारखं विचारतेय.

"घालून गेले की."

बारावा-तेरावा आटोपल्यावर तिनं तो फोटो निपाणीला पाठवला. जिनाप्पा आण्णांनी आधी तिचं सांत्वन केलं, मग भीत भीत कामाचं काढलं.

"फोटो सुरेख आहे. फक्त खाली पायरीवर कुणाच्यातरी चपला आल्यात बघ. जुन्या, अंगठ्याला तार गुंडाळलेली. पुसून टाकू का?"

दिपालीनं फोटो उघडला नाही. पायरी रिकामी होती हे तिला ठाऊक होतं. तिपाई आवरताना तिनं त्याच पायरीवर पिशवी टेकवली होती.

"नको आण्णा," ती म्हणाली, "राहू द्या. अजून आतच असतील. बाहेर आल्यावर लागतील त्यांना."