डाव्या खांद्याला

दार लोटून घ्या रे, आणि मधे कुणी बोलायचं नाही. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली तो शिंपी आजही माझे सदरे शिवतो.

रमजानची सत्ताविसावी रात्र होती. शबे कद्रची, हजार महिन्यांहून मोठी मानलेली. माणसं रात्रभर जागतात, नमाज पढतात, एकमेकांची माफी मागतात. ज्याने रक्ताच्या नात्याशी अबोला धरलाय त्याची दुआ त्या रात्रीही अडकून पडते, असं शिंप्याची अम्मी म्हणायची. आणि याचा थोरल्या भावाशी कित्येक वर्षं अबोला. का? तर बाप शेवटच्या घटका मोजत असताना, ईदच्या कपड्यांची घाई म्हणून हा वेळेवर पोचला नाही. ‘अब्बा गेले आणि तू काजं करत बसलास,’ असं थोरला चारचौघांत बोलला. खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं.

आता थोरला स्वतःच अंथरुणाला खिळलेला. कूससुद्धा बदलता येईना. संध्याकाळी अम्मी दुकानात आली.

‘आज जा त्याच्याकडे.’

‘जातो.’

‘कधी जातोस?’

‘एवढे दोन पायजमे हातावेगळे करतो, अम्मी. मग नमाज, मग थेट तिकडेच.’

अम्मी एकटीच थोरल्याकडे निघून गेली.

दोनाचे चार पायजमे झाले. गडी बाहेर पडला तेव्हा मध्यरात्र उलटलेली. भावाची गल्ली एकीकडे, मशीद दुसरीकडे. आधी नमाज, म्हणत तो मशिदीकडे वळला. खरं सांगायचं तर भावासमोर उभं राहायची त्याची छाती होत नव्हती.

शेवटच्या रांगेत तो टोकाला उभा राहिला. डावीकडे कोणी नाही. नमाज सुरू झाली आणि दिवे गेले. म्हणून नमाज थांबत नाही. एकदा हात बांधले की नजर खाली, इकडेतिकडे बघायचं नाही.

थोड्या वेळाने डाव्या खांद्याला खांदा लागला. रांगेत फट ठेवायची नसते, तसं कोणीतरी सरकून उभं राहिलं होतं. याला बरंच वाटलं. मग गार लागायला लागलं. कुडत्यातून... पार हाडापर्यंत.

सगळे वाकले. शेजारचाही वाकला. गुडघा कटकन वाजला.

तो आवाज ओळखीचा होता. लहानपणी दोघं एका खोलीत झोपायचे. थोरला उठला की आधी त्याचा गुडघा वाजायचा.

भाईजान?... पण त्याला तर उठून बसताही येत नाही.

बघता येईना. नमाज तोडवेना. सगळे मशिदीच्या चटईवर कपाळ टेकायला खाली गेले. कटकन. शेजारी श्वास नाही... काहीच नाही. फक्त तो खांदा.

शेवटी बसले. आता सलाम, की नमाज संपली. आधी मान उजवीकडे. मग डावीकडे...

त्याने डोळे गच्च मिटून मान वळवली. सलाम झाला. मग अगदी हळू म्हणाला, ‘भाईजान, माफ कर.’

...

डोळे उघडले तर दिवे आलेले. डावीकडे मोकळी जागा.

तो अनवाणीच पळत सुटला. भावाच्या दारात माणसं जमली होती. भाभी म्हणाली, ‘उशीर केलात. दिवे गेले, मी मेणबत्ती लावेपर्यंत संपलं सगळं. दाराकडेच बघत होते.’

तो ओक्साबोक्शी रडला. अम्मीने थोरल्याच्या तोंडावरची चादर बाजूला केली. किती महिने उताणा पडून असलेला माणूस. आणि कपाळावर चटईच्या विणीचा ठसा... लालसर, ताजा.

त्या घरात चटई नव्हती. अम्मीने थोरल्याच्या कपाळाकडे पाहिलं, मग धाकट्याच्या. दोन्हींवर एकच वीण उमटली होती.