कोरड्या नाल्यावरचा पूल

केदारखेड्याच्या पुढे नवा रस्ता जिथं नाला ओलांडणार होता, तिथं सुमेधा सकाळी पोचली तेव्हा नाला ठणठणीत कोरडा होता. वाळू, गोटे, काठाला बाभळी आणि एक म्हातारा पिंपळ. पूल बांधायचा की मुरुमाचा भराव टाकून नाला बुजवायचा, हे तिच्या पाहणीवर ठरणार होतं. ठेकेदाराचा इंजिनिअर स्वानंद तर भराव धरूनच बसला होता.

"मॅडम, इथं पाणी वाह्यल्याचं कुणाला आठवत न्हाई. पुलाचा खर्चा कशाला?"

तिलाही ते पटत होतं. एकच गोष्ट मनाला टोचत होती. खालच्या अंगाला बौद्धवस्तीची विहीर होती, आणि शिवारातल्या साऱ्या विहिरी तळाला गेल्या तरी ती भरलेली असायची.

तेवढ्यात पलीकडून त्याच वस्तीतली बेबीनंदा कामाला निघालेली दिसली. काठाशी येताच तिने चपला काढून हातात घेतल्या, साडी गुडघ्यापर्यंत उचलली आणि पाय चाचपत, जपून, कोरड्या वाळूतून अलीकडे आली.

सुमेधाला हसू आवरेना. "मावशी, पाणी कुठंय?"

"असं म्हणू न्हाई, बाई. आमच्यात समदे असेच येतेत." मग बेबीनंदाचा आवाज उतरला. "तुम्ही भराव लिहून दिला तर आमची विहीर मरती. मंग हाये टँकरच्या मागं पळणं."

"मला जे दिसेल तेच मी लिहिणार, मावशी."

"बराबर. तेवढंच लिहा."

स्वानंद मोजपट्टी घेऊन नाल्याच्या मधोमध उभा राहिला. सुमेधाने दुर्बिणीला डोळा लावला. पट्टी खालच्या बाजूला वाकडी दिसत होती, बादलीत बुडवलेली काठी दिसते तशी. उन्हाची झळ असेल म्हणून तिने काच पुसली, जागा बदलली. पट्टी तिथंच वाकलेली होती, स्वानंदच्या गुडघ्याशी.

तिने डोळा काढून नुसतं पाहिलं. पिंपळाचं एक वाळकं पान त्याच्या गुडघ्याला वळसा घालून संथपणे पुढं गेलं. अधांतरी. वारा बिलकुल नव्हता.

"मॅडम, जल्दी करा," स्वानंद म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "पायाला लई गार लागून राह्यलं."

तो बाहेर आला. वाकला आणि पँटीचे पाय पिळू लागला. पँट कोरडी होती.

हे कागदावर उतरवलं तर ऑफिसात काय होईल, हे सुमेधाला कळत होतं. पण शब्द दिला होता. तिने लिहिलं : नाला वाहता आहे. पूल हवा.

ऑफिसात व्हायचं तेच झालं. तिचे वरिष्ठ भालचंद्र साहेब तडकले आणि स्वतः पाहायला आले.

"कुठं आहे तुझं वाहतं पाणी? दाखव मला!"

बोलता बोलता ते तरातरा काठापर्यंत गेले.

थांबले.

बराच वेळ तसेच उभे राहिले.

मग खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागले.

त्याच दुपारी पुलाला मंजुरी मिळाली. त्या दिवसाबद्दल साहेब पुन्हा कधी चकार शब्द बोलले नाहीत.

पुढच्या वैशाखात पूल उभा राहिला. सुमेधा मुद्दाम वस्तीवर गेली. विहीर काठोकाठ भरली होती. बेबीनंदाने पोहरा सोडला, आणि ते गार पाणी पिताना सुमेधाचे डोळे भरून आले. नोकरीत आपल्या हातून एक तरी काम चांगलं झालं, असं तिला वाटलं.

परतताना गाडी पलीकडच्या काठाला होती. पुलाखालून जवळ पडेल म्हणून ती नाल्यात उतरली. चपला अर्थात हातात होत्या. वाळू कोरडी, खांब कोरडे, सगळीकडे लख्ख ऊन.

मागून बेबीनंदाची हाक आली. लांबून, दबल्यासारखी.

"बाई, मधून नगा जाऊ! पुलावरून या! औंदा पाणी लई चढलंय!"

सुमेधाने वर पाहिलं. पिंपळाचं वाळकं पान तिच्या डोक्याच्या हातभर वरून, सावकाश, विहिरीच्या दिशेने चाललं होतं.

आणि तिच्या लक्षात आलं, नाल्यात उतरल्यापासून आपण श्वास घेतलेला नाही.